लिहून ठेवणाऱ्यांचं ऋण

ज्या सॉफ्टवेअरमुळे मी नोकरीत टिकलो, ते बनवणाऱ्यांपैकी एकालाही मी भेटलेलो नाही. काहींची नावं फार उशिरा कळली, काहींची कधी कळणारही नाहीत. ऋण म्हटलं की आईवडील आठवतात, शिकवणारे आठवतात, अडीअडचणीला धावून आलेली माणसं आठवतात. कार्यालयात चारजणांनी मिळून काम करावं म्हणून तयार झालेल्या साधनांचं ऋण मानायची आपल्याकडे रीत नाही. मला मात्र ते मानल्याशिवाय राहवत नाही. माझ्या नोकरीत आणि नोकरीबाहेरही जिथे जिथे वाट बदलली तिथे ही साधनं होती, आणि ती माझ्या हाती देणाऱ्या एक बाई होत्या.

माझं शिक्षण तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, दहावीपर्यंत मराठीतून झालं. इंजिनिअरिंगची पुस्तकं इंग्रजी होती, पण सर समजावून सांगायचे ते मराठीतच. त्यामुळे २००७ साली पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर म्हणून लागलो तेव्हा मला इंग्रजी वाचता येत होतं, सावकाश लिहिताही येत होतं, बोलता येत नव्हतं. वाक्य मनात जुळेपर्यंत बोलण्याचा विषय पुढे गेलेला असायचा. रोज संध्याकाळी परदेशातल्या टीमबरोबर कॉल असे. टेबलाच्या मधोमध स्पीकरफोन आणि भोवती आम्ही सगळे. दिवसभरात सापडलेली चूक मला नेमकी ठाऊक असायची, ती कशामुळे होते याचा अंदाजही असायचा. पण 'टेस्टिंगकडून काही?' असा प्रश्न आला की मी गप्प राहायचो. दोन दिवसांनी तीच चूक आणखी कुणाला तरी सापडायची आणि तो ती कॉलवर सांगायचा. ही आपली कायमची मर्यादा आहे, आपण या कामाचे नाही, गावाकडे जाऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करावा, असं मी मनाशी जवळजवळ ठरवलं होतं.

आमच्या टेस्टिंग टीमच्या प्रमुखांना आम्ही मॅडम म्हणायचो. एकदा कॉल संपल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि मराठीत विचारलं, "ते लॉगिनचं तुला आधीच माहीत होतं ना?"

मी हो म्हणालो.

"मग बगझिलात टाक. सगळं लिही. उद्या कॉलवर मी फक्त नंबर वाचून दाखवीन. तुला बोलावं लागणार नाही."

बगझिला म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकांची नोंद ठेवण्याची जागा. तोवर मी तिथे 'लॉगिन होत नाही' एवढं एका ओळीत लिहून मोकळा व्हायचो. मॅडमनी शेजारी बसवून शिकवलं. कोणता बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती, कोणता ब्राउझर, पहिल्यापासून काय काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं. त्या म्हणाल्या, "वाचणारा तिकडे सकाळी येऊन बसणार, तेव्हा तू झोपलेला असशील. त्याला तुला काही विचारता येणार नाही असं धरून लिही." त्या दिवशी मी कार्यालयात बराच उशिरापर्यंत बसलो. प्रत्येक वाक्य दोनदा तपासलं. बोलताना जो वेळ मला कुणी देत नव्हतं, तो इथे मला हवा तेवढा घेता येत होता.

सकाळी आलो तर खाली उत्तर होतं. तिकडच्या प्रोग्रामरनं माझ्या पायऱ्या जशाच्या तशा करून पाहिल्या होत्या, चूक त्यालाही दिसली होती आणि त्यानं एक प्रश्न विचारला होता. मी उत्तर लिहिलं. आणखी एक प्रश्न आला, त्याचंही लिहिलं. आठवड्याच्या आत त्या नोंदीसमोर 'फिक्स्ड' असा शेरा पडला. कॉलवर मी एक शब्द बोललो नव्हतो. पण नोंदीच्या वरच्या बाजूला रिपोर्टर म्हणून माझं नाव होतं, आणि ते कुणाला खोडता येणार नव्हतं.

हे खोडता न येणं किती मोठं आहे, ते बऱ्याच वर्षांनी डेव्हिड वूली यांचं लिखाण वाचताना कळलं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात प्लेटो नावाची संगणकप्रणाली होती. तिच्या अडचणी कळवायला सर्वांसाठी एकच उघडी फाइल असायची. कुणीही त्यात लिहावं, कुणीही दुसऱ्याचं लिहिलेलं पुसावं, दुसऱ्याच्या नावानंही लिहावं. १९७३ साली वूली यांना यावर उपाय काढायला सांगितलं गेलं, तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. त्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक टिपणाला क्रमांक मिळायचा, लिहिणाऱ्याचं नाव, तारीख आणि वेळ आपोआप पडायची, आणि त्याखाली उत्तरांसाठी जागा असायची. त्याच विद्यापीठात शिकलेल्या रे ओझी यांनी पुढे लोटस नोट्स हे सॉफ्टवेअर घडवलं. ते १९८९ मध्ये बाजारात आलं आणि नव्वदच्या दशकात जगभरच्या कार्यालयांत पोचलं. बगझिला टेरी वाइसमन यांनी मोझिलासाठी लिहिलं आणि १९९८ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. त्यातही गाभा तोच आहे. क्रमांक, नाव, वेळ, आणि खाली एकामागोमाग एक उत्तरं. एका सतरा वर्षांच्या मुलाला अडचण सांगणाऱ्याची सही सुरक्षित ठेवावीशी वाटली, आणि त्याच प्रकारच्या सोयीनं पुण्यात बसलेल्या माझ्यासारख्याला उभं केलं. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की मला भरून येतं.

कंपनीला यातून काय मिळालं, हेही मी तेव्हापासून पाहत आलो. एकच चूक तिघांनी तीनदा शोधणं थांबलं, कारण नवीन नोंद करण्याआधी जुनी शोधता येत होती. आम्ही झोपलेलो असताना तिकडे काम सुरू व्हायचं आणि ते झोपले की इकडे. रिलीज द्यायचा की थांबवायचा, हा निर्णय पूर्वी बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूनं जायचा. आता उघड्या राहिलेल्या चुकांची यादी समोर ठेवून तो व्हायला लागला. यादीत माझी नोंद आणि वरिष्ठांची नोंद एकाच अक्षरात, एकाच आकारात दिसायची. बैठकीत मागच्या खुर्चीवर बसणाऱ्यांनाही काही दिसलेलं असतं. संस्थेपर्यंत ते पोचवण्याची वाट बहुतेक ठिकाणी नसते, ती आमच्याकडे तयार झाली.

पुढे मी टेस्ट सर्व्हर उभा करण्याचं काम शिकलो. नवीन बिल्ड आला की कोणती सेवा आधी थांबवायची, डेटाबेसच्या स्क्रिप्ट कोणत्या क्रमानं चालवायच्या, कोणती फाइल हातानं बदलायची, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. ज्याच्याकडून मी शिकलो तो नोटीस पिरियडच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईनं केटी, म्हणजे कामाची माहिती, देऊन निघून गेला होता. पुण्याच्या कंपन्यांत तेव्हा माणसं सारखी येत-जात असत आणि प्रत्येक जाणाऱ्याबरोबर असं काहीतरी निघून जाई. आता ते सगळं फक्त मला येत होतं. 'याला विचारा' असं कुणी म्हटलं की मला बरं वाटायचं.

मॅडमनी ते विकीवर, म्हणजे कुणालाही वाचता आणि बदलता येणाऱ्या सामायिक पानांवर, लिहायला सांगितलं, तेव्हा मी टाळत राहिलो. लिहून दिलं तर माझी गरज काय उरेल, ही भीती होती. मी ती बोलून दाखवली नव्हती, पण त्यांना ती कळली असावी. त्यांनी मला बोर्डाजवळ नेलं. पाच ठिपके काढले आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी रेषेनं जोडलं, दहा रेषा झाल्या. "दहा माणसं असतील तर पंचेचाळीस. पन्नास असतील तर १२२५." हा हिशेब फ्रेडरिक ब्रुक्स यांच्या १९७५ सालच्या 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकातला, हे त्यांनीच सांगितलं. माणसं वाढवली की काम वाढतं त्यापेक्षा एकमेकांना विचारणं आणि सांगणं जास्त वाढतं. मग त्यांनी मध्ये एक चौकोन काढला. "इथे एक पान ठेवलं तर पन्नास माणसांना पन्नास रेषा पुरतात. आणि तुझं म्हणशील, तर पुढची पाच वर्षं तुला हेच काम करायचंय का?"

मी लिहायला बसलो, पण मन लावून लिहिलं असं नाही. पान तयार झालं, आणि ते कुणी उघडतं की नाही हेही मी पाहिलं नाही.

काही महिन्यांनी अण्णांना, माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला. त्यांना सोलापूरच्या रुग्णालयात हलवलं होतं. त्याच आठवड्यात आमचा मोठा रिलीज होता. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "निघ. पान आहे ना लिहिलेलं? मग बास." मी रात्रीच्या गाडीनं निघालो. पुढचे कितीतरी दिवस आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर आई आणि मी आळीपाळीनं बसलो. फोन वाजला की मला धस्स व्हायचं, कार्यालयातून असेल असं वाटायचं. कार्यालयातून कामासाठी एकही फोन आला नाही. मॅडम संध्याकाळी करायच्या तो फक्त अण्णांची चौकशी करायला. अण्णांचा उजवा हात पुढे कधी पूर्ण बरा झाला नाही, पण ते घरी आले. त्या दिवसांत मी त्यांच्याजवळ अखंड राहू शकलो, आणि ते शुद्धीवर आले तेव्हा समोर होतो, ते त्या पानामुळे. मनाविरुद्ध लिहिलेल्या त्या पानाचे माझ्यावर केवढे उपकार आहेत, हे मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेलो नाही.

परत आल्यावर मी पान उघडलं. त्याचा इतिहास पाहिला, म्हणजे कोणी केव्हा काय बदललं ते. मी एक पायरी लिहायची सोडली होती, कारण ती माझ्या हाताला इतकी सवयीची झाली होती की ती पायरी आहे हेच मला जाणवलं नव्हतं. नुकत्याच लागलेल्या एका मुलीला तिथे अडलं होतं. तिनं शोधून काढलं होतं आणि ती पायरी पानात घातली होती. आणखी एकानं दोन पायऱ्यांचा क्रम उलटा केला होता, त्यात वेळ वाचत होता. पान माझ्यापेक्षा शहाणं झालं होतं. माझी गरज संपेल या भीतीची जागा तिथे वेगळ्याच भावनेनं घेतली. मी लावलेलं काहीतरी इतरांच्या हातांनी वाढलं होतं.

विकी ही कल्पना वॉर्ड कनिंगहॅम यांची. २५ मार्च १९९५ रोजी त्यांनी पहिली विकी सर्वांसाठी उघडली. ते स्वतः प्रोग्रामर, आणि प्रोग्रामर मंडळींनी आपापले अनुभव एका जागी लिहावेत एवढाच हेतू होता. वाचणाऱ्यालाच पान बदलायची मुभा द्यायची, हे धाडस त्यांनी केलं. माणसांवर एवढा विश्वास टाकणारं सॉफ्टवेअर त्याआधी फारसं कुणी लिहिलं नसेल. आमच्यासारख्या, वरिष्ठांच्या लिखाणाला हात न लावण्याच्या शिस्तीत वाढलेल्या मुलांना ते फार जड गेलं. मॅडमनी लिहिलेल्या पानात मला एक चूक दिसली होती आणि ती मी कागदावर लिहून त्यांच्याकडे नेली. त्यांनी कागद परत केला आणि म्हणाल्या, "तिथेच बदल. मला पटलं नाही तर मी परत बदलीन. जुनी प्रत कुठे जात नाही." हे वाक्य मी पुढे माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला सांगत आलो. जुनी प्रत सुरक्षित असली की माणूस चुकायला घाबरत नाही, आणि चुकायला न घाबरणाऱ्या माणसांची संस्था लवकर सुधारते.

त्यानंतरची वर्षं भराभर गेली. ईमेलला जोडून फिरणाऱ्या एक्सेल फायली आणि त्यातली खरी शेवटची कोणती यावरचे वाद संपले. गूगलनं २००६ साली रायटली हे सॉफ्टवेअर घेतलं, त्यातून गूगल डॉक्स उभं राहिलं, आणि एकाच पानावर एकाच वेळी अनेकांनी लिहिणं सवयीचं झालं. पहिल्यांदा दुसऱ्याचा कर्सर माझ्या ओळीत चालताना पाहिला तेव्हा मी हात मागे घेतला होता. दोघांनी एकदम लिहिलं तर गोंधळ कसा होत नाही, हे मला कळेना. मग मी ते समजून घेतलं. मी वाक्याच्या सुरुवातीला पाच अक्षरं घातली आणि त्याच क्षणी समोरच्यानं विसावं अक्षर खोडलं, तर माझ्या प्रतीत ते अक्षर पंचविसावं झालेलं असतं. त्याची आज्ञा माझ्याकडे पोचेपर्यंत विसाची पंचवीस करून घ्यावी लागते, नाहीतर भलतंच अक्षर जाईल. ही युक्ती क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांनी १९८९ साली मांडली.

एलिस यांच्याबद्दल मी जे वाचलं ते इथे सांगायलाच हवं. ते शिकागोत गरिबीत वाढले. पंधराव्या वर्षी एका कंपनीत रात्रीच्या पहाऱ्याचं काम धरलं. तिथे संगणक होता, पण त्याला हात लावायची त्यांना मनाई होती. मग रात्रभर त्यांनी संगणकाबरोबर आलेल्या माहितीपुस्तिका वाचून काढल्या. पुढे १९६९ साली अमेरिकेत संगणकशास्त्रात पीएच.डी. मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. त्या पुस्तिका कुणी लिहिल्या असतील, मला ठाऊक नाही. लिहिणाऱ्यालाही आपण कुणासाठी लिहितोय हे ठाऊक नसणार. ज्याला प्रश्न विचारायची सोय नाही, त्याच्यापर्यंत लिहिलेलं पोचतं. मला हे अनुभवानं माहीत आहे.

आणि संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांचंही ऋण आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी नव्वद मिनिटांचं एक प्रात्यक्षिक दिलं होतं, त्याचं चित्रीकरण मॅडमनी आम्हाला एकदा दाखवलं. लोकांना त्यातला माउस आठवतो. मला आठवतं ते शेवटाकडचं. एंगलबार्ट व्यासपीठावर आहेत, त्यांचा सहकारी सुमारे पन्नास किलोमीटर दूर मेन्लो पार्कमध्ये, आणि दोघं एकाच पडद्यावर एकाच मजकुरावर काम करताहेत, एकमेकांशी बोलताहेत. त्यांना माणसाच्या जागी यंत्र आणायचं नव्हतं. अवघड प्रश्नांवर माणसांनी एकत्र विचार करावा आणि त्यासाठी यंत्रानं हात द्यावा, यासाठी त्यांनी आयुष्य घातलं. मी वापरलेल्या प्रत्येक साधनाच्या मुळाशी मला ती पन्नास किलोमीटरवरची दोन माणसं दिसतात.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मी गावी आलो आणि पुढे बरेच महिने तिथूनच काम केलं. आमच्या कंपनीचं काम अडलं नाही, कारण लिहायची सवय आधीपासून होती. त्याच काळात आमच्या तालुक्यातल्या, पाण्यावर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेशी माझा संबंध आला. गावोगावच्या कार्यकर्त्या ठरलेल्या विहिरींच्या पाण्याची पातळी मोजायच्या. काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर टेपनं घ्यायचं आणि कळवायचं. दिवाळीच्या सुमाराला या आकड्यांवरून गावकऱ्यांशी बोलणं व्हायचं, की यंदा रब्बीला गहू झेपेल की हरभऱ्यावरच भागवावं. आकडे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर यायचे, सणांच्या शुभेच्छांखाली दबून जायचे, आणि महिन्याच्या शेवटी कार्यालयातले एक भाऊ वर वर सरकवत ते शोधून वहीत उतरवायचे.

मी त्यांना एक सामायिक शीट करून दिली. गाव, विहीर, तारीख, अंतर मीटरमध्ये, आणि शेवटी 'शेरा'. शेऱ्याचा रकाना मी सवयीनं घातला होता. गूगलच्या कीबोर्डवर २०१७ पासून मराठीत बोलूनही लिहिता येतं, ते या कार्यकर्त्या ताईंना दाखवलं. त्यानंतर जे झालं त्याचं श्रेय माझं नाही.

मासिक बैठकीत कधीच न बोलणाऱ्या एक ताई होत्या. आकडे वाचून दाखवायच्या आणि बसायच्या. त्यांनी शेऱ्यात लिहिलं, 'मोटर चालू होती, पाणी खाली दिसलं, दुपारी परत मोजलं तर वर आलं.' हे दुसऱ्या गावच्या ताईंनी वाचलं आणि आपल्या आकड्याशेजारी लिहिलं, 'माझ्याकडेही असंच होतं.' मग तिसऱ्यांनी. आमच्या भागात खाली काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांतून पाणी विहिरीत सावकाश झिरपतं, त्यामुळे उपसा थांबल्यावर पातळी पूर्ववत व्हायला वेळ लागतो. मोटर चालू असताना घेतलेला आकडा आणि विसावलेल्या विहिरीचा आकडा यांची तुलनाच होऊ शकत नाही. संस्था वर्षानुवर्षं दोन्ही आकडे एकाच रांगेत मांडत आली होती. पुढच्या महिन्यात शीटमध्ये एक रकाना वाढला, 'मोटर बंद होऊन किती तास झाले.' तो मी सुचवला नाही, वरिष्ठांनीही नाही. त्या ताईंनी सुचवला आणि पहिल्या पावसाळ्यानंतरच गावकऱ्यांसमोर ठेवायचे आकडे जास्त खरे झाले.

त्या ताई नंतर मला म्हणाल्या, "दादा, मला हे पहिल्यापासून माहीत होतं, पण मीटिंगमध्ये कसं सांगायचं?" मी त्यांना काहीच उत्तर देऊ शकलो नाही. पुण्यातल्या त्या स्पीकरफोनभोवती बसलेला मी मला आठवत होतो.

अशा साधनांचं संस्थेला काय महत्त्व, असं मला कधीकधी विचारतात. वेळ वाचतो, खर्च वाचतो, प्रवास वाचतो, हे खरंच आहे. पण मला मोठी वाटते ती ही गोष्ट. संस्थेत जे कुणाला तरी ठाऊक असतं ते संस्थेलाही ठाऊक होतं. यासाठी साधन पुरेसं नसतं, हेही मी पाहिलेलं आहे. मॅडम नसत्या तर बगझिला माझ्यासाठी एक रिकामी चौकटच राहिली असती. दुसऱ्या एका ठिकाणी हीच साधनं माणसांवर नजर ठेवायला वापरलेली मी पाहिली. कोण किती वेळ ऑनलाइन, म्हणजे हिरव्या ठिपक्यात, दिसतो, किती संदेश पाठवतो, याचे तक्ते व्हायचे. तिथे कुणी मनातलं लिहीत नसे. २०२० च्या शेवटी मायक्रोसॉफ्टनं कामगिरीच्या गुणांच्या अशाच एका सोयीतून, टीका झाल्यावर, व्यक्तींची नावं काढून टाकली. ते योग्यच झालं असं मला वाटतं. लिहिणाऱ्याचं नाव त्याच्या शब्दांना मान मिळावा म्हणून असतं. ते त्याच्यावर पहारा ठेवायला वापरलं, तर वूली यांच्या त्या पहिल्या प्रयत्नाशीच तो अन्याय होईल. रात्री-अपरात्री येणाऱ्या सूचनांबद्दलही मी कडक आहे. माझ्या टीममध्ये संध्याकाळनंतरच्या संदेशाला सकाळी उत्तर दिलं तरी चालतं, हा नियम पानावर लिहून ठेवलेला आहे.

मॅडम आता निवृत्त झाल्या आहेत. हा लेख लिहून झाल्यावर मी तो सामायिक करून त्यांना पाठवला. त्यांनी सूचना करण्याच्या सोयीनं त्यांच्यावरचा एक मोठा परिच्छेद खोडून सुचवला आणि बाजूला लिहिलं, 'हे नको. माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यांबद्दल लिही.' एलिस यांच्याबद्दलचा मजकूर त्या सूचनेनंतर आला आहे. खाली आणखी एक टिपण होतं, 'ऋण मानतोस ते ठीक. फेडतोस कसं?'

विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्या मीडियाविकीमधले संदेश, म्हणजे बटणांवरचे शब्द, सूचना, चुका झाल्यावर दिसणारी वाक्यं, हे सगळं ट्रान्सलेटविकी नावाच्या जागी जगभरचे लोक आपापल्या भाषेत आणतात. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून सुरू आहे, आणि त्यावर लिहायला येणाऱ्या नवख्या माणसाला पहिल्यांदा भेटतात ते हेच संदेश. मी रविवारी सकाळी तिथे बसतो आणि त्यातले काही मराठीत आणतो. वाक्य साधं आणि आदरानं बोलणारं असावं, वाचणाऱ्याला परत कुणाला विचारावं लागू नये, एवढंच बघतो. अनेकदा माझ्या वाक्यात दुसऱ्या कुणीतरी सुधारणा केलेली असते, आणि ती बहुधा माझ्यापेक्षा चांगली असते. मॅडमच्या टिपणाखाली मी हे लिहिलं. त्यांनी विचारलं, खातं कसं उघडायचं. मी त्यांना पायऱ्या लिहून पाठवल्या आहेत.